पायाखाली काही नको

कुंकू होडीच्या मागच्या अंगाला लागलं आणि शेडमधले सगळे हसले. हसण्यासारखंच होतं ते. कुणाच्या मनात काही वाकडं नव्हतं. आनंदनगरच्या त्या शेडमध्ये, पत्रा कापायच्या किरकिराटात, लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवलेली नमुन्याची होडी वेणूने पाहिली आणि तिला त्या होडीचं तोंडच सापडेना. दोन लांबलचक बंद नळकांडी, चंदेरी, त्यांच्यावर अंथरलेला सपाट पत्र्याचा पाट, भोवती कठडा. बस. नाक नाही, पोट नाही, पाण्यात शिरायला निमुळतं काही नाही. जणू कुणी घराची ओसरी उचलून नदीवर मांडायला काढली होती. एक टोक भिंतीकडे, वर प्लास्टिक पांघरलेलं. दुसरं दाराकडे, उघडं. दाराकडे असतं तेच तोंड, असं धरून तिने पिशवीतला करंडा काढला, हळद लावली, कुंकू लावलं, चिमूटभर तांदूळ वाहिले आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा शेडचे मालक हरेशभाई कमरेवर हात ठेवून उभे. "अरे माई, ये तो इसका पिछवाडा है! इथे मोटर बसते, मोटर!" दोन कारागीर मशीन थांबवून हसले. तिचा मुलगा सुजितही हसला. "आई, तू पण ना! आज नुसते ऑप्शन बघायला आलोय आपण. होडी यायला अजून वेळ आहे." सून स्वप्नाली तेवढी हसली नाही. तिने पर्समधून कागदी रुमाल काढून पुढे केला, कुंकवाचं बोट पुसायला. वेणूने तो घेतला, पण बोट पुसलं नाही. मूठ मिटून घेतली.

एवढंसं कुंकू ते. पण त्या हसण्याने आत काहीतरी हललं. काठाला बांधलेल्या होडीजवळून दुसरी होडी गेली की बांधलेली हलते ना, तसं. दोर तुटत नाही, जागा सुटत नाही, पण लाकूड दगडावर टकटक करत राहतं. बाबाच्या होडीला मागचं अंग नव्हतंच मुळी. तिचा बाप, दौलत नावाडी, बदलापूरच्या वरच्या अंगाला नदीवर होडी चालवायचा. पूल व्हायच्या आधीची गोष्ट. होडी दोन्ही टोकांना सारखीच निमुळती. पलीकडे लागली की वळवायची नाही. माणसं उतरायची, कोंबड्या-टोपल्या उतरायच्या, नवी माणसं चढायची, आणि बाबा खांद्यावर बांबू घेऊन या टोकावरून त्या टोकाला चालत जायचा. झालं. मागचं होतं ते पुढचं. एकदा तिने विचारलं होतं, बाबा, हिला फिरवत का नाय? तो पाणी निथळत असलेला बांबू टेकवून म्हणाला होता, "तिला कशाला तरास? आपुन फिरायचं." म्हणून तर नारळी पुनवेला आई दोन्ही टोकांना कुंकू लावायची. आज एका टोकावर प्लास्टिक होतं म्हणून एकालाच लागलं, एवढाच काय तो फरक. हे हरेशभाईंना सांगता आलं असतं. पण सांगावं म्हणून ओठ उघडेपर्यंत सगळे खुर्च्या ओढून बसलेही होते, आणि शेडमधलं मशीन पुन्हा किरकिरायला लागलं होतं.

रिद्धी नावाची एक मुलगी टॅब घेऊन समोर बसली. तिने बोट फिरवलं तशी काचेवर होडी गरगर फिरली, आडवी झाली, पोट वर करून दाखवती झाली. "हे आपलं बेस मॉडेल," रिद्धी म्हणाली. "लाईफ जॅकेट, शिडी, पुढचा गेट हे तर येतंच, त्याचं मी विचारतच नाही. आता वरचं सगळं तुमच्या आवडीने. छत कापडी की पत्र्याचं?" आणि मग लग्नाचा बस्ता बांधायला बसावं तसं झालं. छत कापडी, उन्हाळ्यात गुंडाळता येईल असं. गाद्या कोपऱ्यात वळणाऱ्या, की समोरासमोर? मधे टेबल, ते दुमडणारं की पक्कं? बर्फाची पेटी गादीखाली बसते, बघा, जागा अडत नाही. रात्री नळकांड्यांखालून निळा उजेड पडेल असे दिवे. सुजितने त्या दिव्यांकडे असं बघितलं की वेणूला त्याचं लहानपण आठवलं, उल्हासनगरच्या दुकानाच्या काचेला नाक लावून उभं राहिलेलं. "दिवे टाक," तो म्हणाला, "आणि स्पीकर. स्पीकर तर पायजेच. पब्लिक गाण्याशिवाय येत नाय."

"नदीवर येऊन परत तेच ढाणढाण ऐकायचं, तर मग लग्नाचा मंडप काय वाईट?" स्वप्नाली म्हणाली.

"तुला नको असतील तर तू कानात बोळे घाल."

"बोळे ऑप्शनमध्ये येतात का हो?" स्वप्नालीने रिद्धीला विचारलं, आणि रिद्धीला हसू लपवायला टॅब वर धरावा लागला. हरेशभाईंनी जुन्या वाण्याच्या सवयीने मधला रस्ता काढला. "साईं, लगवा के रखो. बजाना न बजाना तुम्हारे हाथ में." लागला स्पीकर.

वेणू ऐकत होती आणि ऐकत नव्हती. या सगळ्यात आपलं काय, हे तिला ठाऊक होतं; ते ठरून गेलं होतं. बाबाने जाताना नदीकाठचा तुकडा तिच्या नावावर केला. त्यावर इतकी वर्षं गवत आणि बोरी-बाभळी. सुजितची कंत्राटावरची नोकरी सुटली तेव्हा स्वप्नालीच म्हणाली, आपण तिथे काहीतरी करू की, मुंबईची माणसं चार तास झाडाखाली बसायला कुठे कुठे जातात. बंधाऱ्याने तिथलं पाणी उन्हाळ्यातही टिकतं. मग चुलीवरचं जेवण ठरलं, खाटा ठरल्या, होडी ठरली. आणि पाटी. पाटीचं चित्र सुजितने मोबाइलवर दाखवलं होतं. चुलीपुढे बसलेली वेणू, हातात भाकरी, डोक्यावर पदर, आणि वर मोठ्या अक्षरांत: वेणूआईची चूल. फोटो छान आला होता. शेजारणी म्हणाल्या, नशीब काढलंस, पोरगा आईचं नाव लावतोय. तिलाही आनंदच झाला होता, खोटं कशाला बोला. फक्त त्या फोटोत तिची पाठ कशाकडे आहे ते तिने पाहिलं होतं. पाठीमागे, झाडांच्या फटीतून, नदी चकाकत होती.

"आता हेल्म. म्हणजे ड्रायव्हरची जागा," रिद्धी म्हणाली. "उंची सांगा, त्या हिशोबाने स्टिअरिंग आणि सीट लावतो. चालवणार कोण?"

"धरणाकडचा एक जण बघतोय. फायनल नाय अजून," सुजित म्हणाला. "टाक नॉर्मल कायतरी."

"नॉर्मल म्हणजे पाच फूट सात इंच धरते."

चालवणार कोण. प्रश्न विचारला गेला, उत्तर दिलं गेलं, टॅबवर नोंदलं गेलं, पान पुढे सरकलं. वेणूच्या मात्र तळव्यांना मुंग्या आल्या. रबरी चपलेच्या आत, भेगा पडलेल्या टाचांपासून बोटांच्या मुळापर्यंत, झोपेतून कुणी हाक मारून उठवावं तसे पाय जागे झाले. लहानपणीची दुपारची वेळ. बाबा जेवायला बसलेला, ताटात भात, आणि पलीकडून हाळी येते, होऽऽऽ. हाळीवरून तिला माणूस कळायचा. लांब ओढून मधेच तुटली की तो वाडीतला म्हातारा, त्याला दमा. दोन तोकड्या मारल्या की मास्तर, त्यांना घाई. बायका हाळी द्यायच्या नाहीत, तांब्या वाजवायच्या. बाबा भाताचा घास तसाच धरून तिच्याकडे बघायचा आणि ती धावत सुटायची, परकर खोचत, गरम दगडांवरून, आणि होडीत पाय पडला की तळव्यांना गार लागायचं. फळीखालून पाणी बोलायचं. तिने हे कधी कुणाला सांगितलं नाही, सांगणार तरी काय, पण डोळ्यांनी बघायच्या आधी तिला पायांनी कळायचं, की आज मधली धार डावीकडे ओढतेय, आज खाली वाळू सरकलीय, आज नदी नुसतीच सुस्तावलीय, पोट भरल्यासारखी. आई उखळाशी कांडत असायची आणि कांडता कांडता लेकीवर ओवी रचायची:

नदीच्या पल्याडून कोन देतंय गो हाळी
बाबा जेवाया बसला, होडी सोडी त्याची बाळी

ते ऐकून ती पाण्याच्या मधोमध लाजायची. मधोमध लाजायला बरं असतं, कुणी बघत नाही.

सुजितचा फोन वाजला. त्याने स्पीकरवर टाकला. घरून हिंदुराव, तिचे मालक. गुडघ्याचं निमित्त करून ते घरीच राहिले होते. "काय झालं रे? कठडा बघितला काय? उंच घ्या म्हनावं. कमरेच्या वर पायजे."

"बाबा, स्टँडर्ड साइज असतो त्याचा."

"स्टँडर्ड गेला खड्ड्यात. मानसं वाकतात. मोबाइलचा फोटो काढाया तर अजूनच वाकतात. तुझी आई काय म्हनते?"

"आईने होडीच्या मागच्या बाजूची पूजा केली." पुन्हा हशा. फोनमधूनही.

वेणूही हसली. हिंदुरावांचा कठडा ऐकून हसली. ते शहाडच्या कारखान्यात जन्मभर ॲसिडच्या टाक्यांच्या आसपास वावरले, कधी भ्याले नाहीत. पण पाण्याचं भय आजतागायत गेलेलं नाही. लग्नाच्या दिवशी वऱ्हाड होडीनेच परत निघालं तेव्हा नवरदेवाने दोन्ही हातांनी होडीची कड अशी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली. "एवढी हलते का ही?" त्यांनी विचारलं होतं. लग्न लागल्यावरचं त्यांचं तिच्याशी पहिलं बोलणं ते. तिला हसू आलं होतं, पण मुंडावळ्यांआडून हसता येत नाही. ती मधल्या फळीवर बसली होती. त्या होडीत बसायची तिची पहिलीच वेळ. एरवी ती नेहमी उभी. मांडीवर हात, हातभर हिरवा चुडा, आणि पायात नव्या कोऱ्या वहाणा, सासरहून आलेल्या. टोकावर बाबा उभा होता, पाठमोरा. मधल्या धारेला होडी जरा वाकडी गेली. बाबाचं चुकत नसे कधी. तो डोळे पुसत असणार. बांबू कुठे टेकवायला हवा ते तिला सांगायचं होतं, आणि सांगण्यासाठी तिने पायाखालचं पाणी ऐकू पाहिलं, तर काही ऐकूच येईना. नुसतं चामडं. नवं, कडक, मुकं. तेवढ्यात होडी आपसूक सरळ झाली, काठाला लागली, आणि वरातीच्या बाजावाल्याने फुंक मारली. पुढे पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा आई सूप पाखडताना नवीनच काही गुणगुणत होती. वेणू आत आली तशी थांबली. पुन्हा म्हण म्हटलं तर म्हणेना. मग रात्री अंथरुणावर, हळूच, केस कुरवाळत:

लेक सासऱ्याला जाते, पायी नवीन वहाना
नदी काठाला म्हनते, हिचं पाऊल वळखंना

त्यानंतर उल्हासनगर. कॅम्पात एका खोलीचा संसार, दारात जीन्सचे गठ्ठे. शिवून आलेल्या पँटींचे लोंबणारे दोरे कापायचे, दिवसभर, पाय पोटाशी घेऊन. मागून नाला जायचा. आठवड्याला रंग बदलायचा त्याचा, आज निळा, उद्या काळपट जांभळा. पोरं पैज लावायची, सोमवारी कुठला. तिने त्या नाल्याला कधी नदी म्हटलं नाही, पण पावसाळ्यात तो भरून धावायला लागला की कात्री थांबायची आणि ती नुसती ऐकत राहायची. सिंधी मालकीण विचारायची, क्या हुआ वेणू, कोई बुला रहा है क्या? कुणी बोलावत नसे. पुढे पोरं शिकली, नवरा निवृत्त झाला, बदलापूर गावात परत येणं झालं, नदी चालत जाण्याच्या अंतरावर आली. पण नदीवर आता पूल होता, आणि पुलावरून नदी ओलांडली तर नदीला कळतही नाही. काठावर ती जायची. पाय बुडवून यायची. साठीला टेकलेल्या बाईने त्याहून जास्त काय मागायचं, आणि कुणाकडे, आणि कुठल्या शब्दांत? मागण्यासाठी आधी कुणी विचारावं लागतं. आणि विचारलं तेव्हा धरणाकडच्या कुणाचं तरी नाव लागलं होतं.

ती रागावली नव्हती. हेच तिला नवल वाटत होतं. राग असता तर सोपं झालं असतं. हे दुसरंच काही होतं, हलकं, वर येऊ बघणारं. पाण्याखाली धरून ठेवलेला रिकामा डबा हातातून निसटू बघतो तसं. ती त्याला दाबत होती. लोक काय म्हणतील, हा एक हात. आत्ताच हसले आहेत, पुन्हा हसतील, हा दुसरा. मोटर आहे, बांबू नव्हे, तुला काय येतंय, हा तिसरा. मिटलेल्या मुठीत कुंकू घामाने ओलं झालं होतं.

"आणि शेवटचं, फ्लोअरिंग," रिद्धी म्हणाली आणि तिने नमुन्यांचा गठ्ठा आणून टेबलावर पसरला. हिरवळीसारखं एक, खोटं गवत. राखाडी, गालिच्यासारखं. लाकडाच्या रेघा छापलेलं. एक जाड, स्पंजासारखं मऊ. "हे सगळ्यात जास्त चालतं. पाय टाकला की कळतच नाही आपण होडीत आहोत."

"अरे वा," सुजित म्हणाला.

वेणूने तो मऊ तुकडा उचलला, दाबला, ठेवला. मग ती उठली. कुणी विशेष लक्ष दिलं नाही; बायका उठतात, पाणी प्यायला, पाय मोकळे करायला. नमुन्याच्या होडीला टेकवलेली लोखंडी पायरी होती. तिने पायरीशी चपला काढल्या, जोडून ठेवल्या, आणि कठड्याला धरून वर चढली. वर अजून काही अंथरलेलं नव्हतं. नुसता पत्रा. गार. ती दोन्ही पाय जरा फाकवून उभी राहिली, गुडघे किंचित सैल, जसं कुणी शिकवत नाही आणि विसरताही येत नाही. पाणी नव्हतं, अर्थात. लाकडी ठोकळे होते आणि त्याखाली सिमेंट. पण पलीकडे मशीन चालू होतं, त्याची थरथर जमिनीतून ठोकळ्यांत, ठोकळ्यांतून त्या पोकळ नळकांड्यांत शिरत होती, आणि पोकळ नळकांडी ती गुणगुणत वर आणत होती. तिच्या तळव्यांत. मशीन थांबलं, गुणगुण थांबली. बाहेर रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला, तो आधी पायांना कळला आणि मग कानांना. वेणूने आनंदाने कठडा घट्ट धरला.

"आई?" खालून स्वप्नालीने हाक मारली. "काय झालं?"

"हिथं काही नको," वेणू म्हणाली.

"कुठं?"

"हिथं. मी हाय तिथं. बाकी सगळीकडे टाका तुमचं गवत नायतर गालिचा. हिथं पायाखाली काही नको."

रिद्धीने टॅबवर वरखाली बोट फिरवलं. तिचा चेहरा खरोखरच अडचणीत आला. "मावशी, 'काही नको' असा ऑप्शन नाहीये त्यात."

"नसू दे."

"आई, ती ड्रायव्हरची जागा आहे," सुजित समजावणीच्या सुरात म्हणाला. "ऊन लागलं की पत्रा तापतो. आणि ड्रायव्हर बूट घालणार, त्याला काय फरक पडतो?"

"मी नाय घालत बूट," वेणू म्हणाली.

बोलून झालं. डबा निसटला, वर आला. शेडमध्ये मशीन बंद होतं, म्हणून ते सगळ्यांना नीट ऐकू गेलं, आणि समजायला मात्र एकेकाला वेगवेगळा वेळ लागला. आधी स्वप्नालीला समजलं. तिने हात तोंडावर नेला, पण डोळे हसत होते. मग हरेशभाईंना, त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. सुजित सगळ्यात शेवटी.

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे. मी चालवीन."

"आई, ती मोटर असते. लायसन्स लागतं. परीक्षा घेतात."

"मग देऊ की. तू बारावीला दोनदा बसलास. मी एकदा बसून बघते."

कारागीर पुन्हा हसले, पण हे हसणं वेगळं होतं. ते सुजितवर होतं, आणि सुजितला ते कळून त्याचे कान लाल झाले. तो आईकडे बघत राहिला. ती वर उभी होती आणि तो खाली, त्यामुळे त्याला मान वर करावी लागत होती, आणि बहुतेक याच कारणाने त्याला ती एकाएकी अनोळखी दिसली असावी: पदर खोचलेला, पाय रोवलेले, टाचांच्या भेगांत हळदीचा पिवळा कण. "तुला भीती नाय वाटणार?" त्याने विचारलं, अगदी हळू, लहान असताना अंधाराबद्दल विचारायचा तसं.

"वाटंल की. मोटरीची वाटंल. पान्याची नाय." तिने कठड्यावरून खाली वाकून त्याच्याकडे बघितलं. "शिकव मला. तुला येतंय ना? नसंल येत तर तो धरणाकडचा आपल्या दोघांनाबी शिकवील. सुरुवातीला त्याला ठेव. मी कुठं म्हनते उद्याच सोडा मला पान्यात."

"आणि चूल?" सुजित म्हणाला. हा त्याचा शेवटचा काठ होता, आणि त्याने तो काहीशा केविलवाण्या आशेने धरला. "पाटी छापलीय आई. भाकऱ्या कोण करणार?"

"तुझा बाप. पीठ मळायला काय जातंय? परातीत कोन बुडत नाय."

स्वप्नाली इतकी हसली की तिला खुर्चीची पाठ धरावी लागली. "पाटी राहू दे," ती डोळे पुसत म्हणाली, "खाली एक ओळ वाढवू. चूल वेणूआईची, होडी पण वेणूआईची." मग रिद्धीकडे वळून, एकदम कामाच्या आवाजात: "पाच-सात खोडा. आईंची उंची घ्या. आणि खुर्ची?"

"खुर्ची ठेवा," वेणू म्हणाली. "पाय दुखले तर बसंन. पन आधी उभं ऱ्हायाला जागा." आणि मग, आता जीभ सुटलीच होती म्हणून: "आनि फाटक मागनंबी पायजे. पुढून चढायचं, मागून उतरायचं. होडी काठाला लागली की सारखी कोन फिरवीत बसंल?"

"मागचा गेट एक्स्ट्रा आहे," रिद्धी म्हणाली, आणि सुजितने, टॅबकडे न बघता, आईकडेच बघत, म्हटलं, "टाक. ते निळे दिवे काढ आणि गेट टाक."

"माई," हरेशभाई म्हणाले. ते आता होडीच्या अगदी जवळ येऊन उभे होते आणि त्यांचा आवाज मघासारखा खळखळत नव्हता. "हमारे बाबा भी बोलते थे, उधर सिंध में उनका घर दर्या के पास था. जूता निकाल के बैठते थे किश्ती में. मी समजायचो, गरिबी होगी." ते स्वतःशीच हसले आणि मिस्त्रीला हाक मारली. "ए, खडू ला. माईचं माप घे."

मिस्त्री खडू घेऊन वर आला, तिच्या पायांशी उकिडवा बसला. "हलू नका हां," म्हणाला, आणि तिच्या उजव्या पावलाभोवती रेघ ओढायला लागला. टाचेवरून वळला तेव्हा तिला गुदगुल्या झाल्या. ती हलली नाही. डावं पाऊल. अंगठ्याशी खडू मोडला, त्याने उरलेल्या तुकड्याने पुरं केलं. मग पावलांच्या भोवती एक चौकोन आखला, एवढ्या जागेत काही टाकायचं नाही म्हणून. त्या चंदेरी पत्र्यावर तिची पावलं पांढरी उमटली, लक्ष्मीच्या पावलांसारखी, पण मोठी, पसरट, खरी.

"आई," स्वप्नाली जपून म्हणाली, मघाचं हसू आठवूनच जपून, "पण तुम्ही मागे तोंड करून उभ्या आहात."

वेणूने मान वर केली. समोर कठड्यापलीकडे, दाराच्या उजेडात, होडीचं ते टोक होतं. त्यावर तिनेच लावलेलं कुंकू. सगळे थांबले होते, पुन्हा हसावं की काय या विचारात. तिने मूठ उघडली. बोट अजून लाल होतं.

"मग मी फिरते," ती म्हणाली. "तिला कशाला तरास?"

आणि खडूची रेघ पुसू नये म्हणून पाऊल अलगद सरळ वर उचलत, आधी उजवं, मग डावं, ती वळली. आता समोर भिंत होती आणि प्लास्टिक पांघरलेलं दुसरं टोक. "भिंतीकडचं ते प्लास्टिक तेवढं काढ रे सुजित," ती म्हणाली. तो गेला. प्लास्टिक ओढलं तसा धुळीचा लोट उठला आणि कोरा पत्रा लखकन उघडा पडला. वेणू त्या टोकापर्यंत चालत गेली, वाकली, कठड्यावरून हात लांब केला, पण पोचेना. तेव्हा सुजितने खालून तिचं मनगट धरलं आणि तिचं लाल बोट स्वतःच्या हाताने तिथवर नेलं. कुंकू थोडंच उरलं होतं. पण लागलं.

ती परत आपल्या जागेवर, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली तेव्हा मिस्त्रीने दुसरी पावलंही आखून घेतली. वेणू खाली उतरून चपला शोधू लागली तेव्हा तो डोकं खाजवत विचारत होता, यातली नक्की कुठली धरायची. पत्र्यावर दोन जोड होते, टाचांना टाचा लावून: एक जाणारा, एक येणारा.

"दोनी ऱ्हाऊ देत," ती म्हणाली, आणि चपला पायात न घालता तशाच हातात घेतल्या.